उरलेला शंख, उरलेली चिठ्ठी

४ नोव्हेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. यातलं शेवटचं ‘विशेष’ मी आजवर रीत म्हणून लिहीत आले. आज ते खरोखरच आहे. पण आधी घरचं आणि मग दारचं, असं तूच शिकवलंस, म्हणून जिभेला लगाम घालून आधी घरचं लिहिते.

मी बरी आहे. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे. दार नीट लागलंय ना, हे बघायला मी रोज अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. त्यामुळे खालच्या शिंप्याने माझं नाव ‘पुन्हाताई’ ठेवलंय. परवा मी परत गेलेच नाही, तर त्याने दुकानातून मान बाहेर काढून विचारलं, आज बरं वाटत नाही का म्हणून. मग मला जावंच लागलं.

आता दारचं. संग्रहालयात मला लागून दोन महिने झाले. सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला मागच्या खोलीतलं शंखांचं कपाट तपासायला दिलंय. तू इथे दोन वर्षं होतीस, तेव्हा तुला ते ठाऊकच असणार. वरचे तीन खण त्या जुन्या डॉक्टरांचे, जे रविवारी दगडाच्या खाणीकडे जाऊन गोगलगायींचे शंख वेचत. खालचे तीन त्यांच्या भावाचे, जो जहाजावर होता आणि लांबलांबच्या बेटांवरून शंख पाठवायचा. पहिल्या दिवशी सरांनी एकच नियम सांगितला, की एका वेळी एकच खण बाहेर काढायचा. मला हसूच आलं. आमच्या घरी हा नियम चहालासुद्धा आहे, असं मी त्यांना सांगितलं. माझी आत्या सहा पाहुण्यांना सहा कप सहा फेऱ्यांत नेते. बाबा म्हणतात, शेवटच्याचा चहा येईपर्यंत पहिला पाहुणा घरी पोचलेला असतो.

खण उघडला आणि सगळ्या चिठ्ठ्या तुझ्या अक्षरातल्या! तेच उभं अक्षर, पट्टीने आखल्यासारखी शिरोरेघ. मी पटकन सरळ उभी राहिले. वाटलं, आता पाढे म्हणायला लावणार.

आणि तिसऱ्या खणात, शेवटच्या रांगेत, शंख क्रमांक २७. करंगळीच्या नखाएवढा. टोक वर धरलं की बाकी सगळ्या शंखांची तोंडं उजवीकडे येतात, याचं डावीकडे. तोंडाच्या कडेला आतून तीन बारीक दात. तुझ्या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘खाणीची टेकडी, उत्तरेची भिंत, तळाशी.’ नोंदवहीत कुणीतरी पुढे ‘किरकोळ’ असा शेरा मारलाय. किरकोळ! मी दोन आठवडे होती नव्हती ती सगळी पुस्तकं चाळली. अकरा वेळा मोजमाप घेतलं. कुठेच बसेना. शेवटी भीत भीत सरांना दाखवला. सरांनी चित्रं आणि मापं एका तज्ज्ञ बाईंना पाठवली, आणि त्यांचं उत्तर पोचलं ते थेट उलट टपाली. डावा वळसा आणि तीन दात, असल्या गोगलगायी समुद्रापलीकडच्या एकाच बेटावर सापडतात. हा शंख खरंच आमच्या टेकडीवरचा असेल, तर ती बेटावरच्यांची दूरची बहीण आहे आणि आजवर जगात कुणीही तिला नाव दिलेलं नाही.

आत्या, जगात!

बाई अठ्ठावीस तारखेला स्वतः येणार आहेत. सर दिवसभर गळ्यातल्या भिंगाची दोरी बोटाला गुंडाळतात आणि सोडतात. त्यांना वर्तमानपत्रासाठी फोटो हवाय, पण शंखाच्या तोंडात जुनी माती गच्च बसलीये. मऊ ब्रशने धुऊन घे, असं त्यांनी मला सांगितलंय. उद्या धुवीन म्हणते.

तुझ्या चिठ्ठीवरचा शंख, आणि तो मला सापडावा! लोभ तर आहेच, उत्तर तेवढं लगोलग धाड.

तुझी,
गोगलगाय

---

८ नोव्हेंबर

चि. गोगलगायीस,

अनेक आशीर्वाद. शंख धुऊ नकोस. हे आधी वाच, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

पत्र काल पोचलं. तुझ्या बाबाने ते मोठ्याने वाचलं, मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्याला आता गोगलगायींतलं सगळं कळतं. मांजरीला चार पिल्लं झालीत. तो रोज मोजतो आणि रोज तीनच भरतात, कारण चौथं त्याच्या चपलेत असतं. असा हा आपल्या घरातला मोजणारा पुरुष.

अकरा वेळा मापं कशाला घेतलीस? मी दोनदा घ्यायला शिकवलं होतं. दोनदा घेणं ही काळजी आणि अकरा वेळा घेणं हा स्वतःवरचा अविश्वास. तुझ्या शिंप्याला माझा नमस्कार सांग, माणूस पारखी दिसतो.

कपांची थट्टा बापलेकींनी आता पुरे करावी.

एक काम कर. तिसऱ्या खणाचा पुढचा उजवा कोपरा नीट बघ आणि काय दिसतं ते कळव. तोवर शंख जसा आहे तसा राहू दे. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण त्याला आणखी कुणाचा हात लागू नये, असं वाटतं.

प्रकृतीला जप. जिन्यातून परत गेलीस तर एकदाच जा.

तुझी आत्या

---

१२ नोव्हेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. घाबरू नकोस, शंख धुतलेला नाही!

त्याचं श्रेय मात्र माझ्या शहाणपणाला नाही, माझ्या घाबरटपणाला आहे. पहिल्या दिवशी ब्रश फार राठ वाटला. दुसऱ्या दिवशी नवा आणला, तर पाणी फार गार वाटलं. तिसऱ्या दिवशी मनात आलं, दात तुटला तर? चौथ्या दिवशी सर चिडले आणि मातीसकट फोटो काढून मोकळे झाले. तेवढ्यात तुझं पत्र आलं. उभ्या जन्मात माझ्या चालढकलीचं कुणी कौतुक केलं नव्हतं, ते तू न करता केलंस.

कोपरा पाहिला. उजव्या कोपऱ्याचं लाकूड वेगळं आहे, थोडं फिकं. सांधा इतका सफाईदार की तू सांगितलं नसतंस तर आयुष्यभर दिसला नसता. आमच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि चेहरा उजळलाच त्यांचा. म्हणाले, हे काम आपल्या वडिलांच्या हातचं, असा सांधा त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. खण पडून फुटला होता, एवढंच वडील सांगायचे. कुणी पाडला, ते काही केल्या सांगेनात. शब्द दिलाय म्हणायचे.

तुला कोपऱ्याचं कसं ठाऊक? सुतारकाकांच्या वडिलांनी सांगितलं होतं का?

वर्तमानपत्रात फोटो आला. कात्रण सोबत पाठवतेय. त्यात माझं आडनाव चुकलंय, ते बाबांना आधीच सांगून ठेव. नाहीतर ते संपादकांना पत्र लिहायला बसतील. आता लोक येऊन खिडकीशी उभे राहतात आणि मोठं काहीतरी असेल असं समजून शंख शोधतात. काल एक आजोबा भिंगातून पाच मिनिटं बघत होते. शेवटी म्हणाले, एवढ्याशा जीवाने बिनबोभाट किती काळ काढला असेल. मला ते फार आवडलं.

सरांनी टेकडीवर जाऊन जिवंत गोगलगाय शोधायचं ठरवलंय. मी तर स्वप्नातसुद्धा ओली पानं उलटते. कोपऱ्याचं गौडबंगाल काय ते लवकर लिही. लोभाचा हिशेब तुझ्याकडेच आहे, तो वाढता ठेव.

तुझी,
गोगलगाय

---

१५ नोव्हेंबर

चि. गोगलगायीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, आणि एकटी असताना वाच.

तो खण मी पाडला.

मी तेव्हा तुझ्याहून चार वर्षांनी लहान होते आणि तुझ्याहून दसपट धीट. नियम तेव्हाही होता, एका वेळी एकच. मला तो नियम भित्र्यांसाठी वाटायचा. दुपारी जेवणाची सुट्टी होती, खोलीत कुणी नव्हतं. मी डॉक्टरांचा तिसरा खण आणि त्यावर भावाचा चौथा, असे दोन्ही एकदम उचलले. टेबल चार पावलांवर होतं. तीन पावलं टाकली.

मोठ्या शंखांवर शाईने आकडे होते, त्यांचं काही अडलं नाही. पण एकोणीस बारीक शंखांवर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांचं नावगाव फक्त चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या फरशीभर. मी गुडघ्यांवर बसून एकेक शंख आठवणीने त्याच्या चिठ्ठीवर ठेवला. अठरा जमले, असं मला वाटलं. शेवटी एक शंख उरला आणि एक चिठ्ठी उरली. उरलेला शंख मी उरलेल्या चिठ्ठीवर ठेवला. तो तुझा सत्तावीस.

अठराही बरोबर असतील, तर तोही बरोबर आहे. पण त्यांतला एखादा चुकला असेल, तर हा शंख जहाजावरच्या भावाचा आहे, त्याच बेटावरचा आहे, आणि तुमची टेकडी रिकामी आहे. मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं.

म्हाताऱ्या सुतारांनी कोपरा बसवून दिला. कुणाला सांगणार नाही, असं मी त्यांच्याकडून वचन घेतलं. मी स्वतः मात्र सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. डॉक्टर दर आठवड्याला यायचे, खण उघडून आपले शंख बघायचे आणि माझ्या अक्षराचं कौतुक करायचे. ते कौतुक मला महिनाभर झेपलं, मग नोकरी सोडली. घरी सांगितलं, तिथे करमत नाही. घरच्यांनी विश्वास ठेवला. त्या दिवसापासून मी दोन्ही हातांत दोन वस्तू कधी उचलल्या नाहीत. तुम्ही हसत आलात, मी हसू दिलं.

तुला दम्यामुळे शाळेत पाठवता येईना, म्हणून तू नऊ वर्षांची होईपर्यंत मी घरी शिकवलं. पहिल्याच दिवशी तुला सांगितलं, की चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहायचं, म्हणजे चूकही दिसली पाहिजे. ते सांगताना माझा आवाज कसा लागला, हे तुला कळलं नसेल. मला कळलं होतं.

गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण मी तुला तुझ्या हळूपणावरून ऐकवायचे. खरी तशी मी होते.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. शिकवायचं ते शिकवून झालंय.

तुझी आत्या

---

२० नोव्हेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याला तीन दिवस झाले. पहिला दिवस मी तुझ्यावर रागावण्यात घालवला. तू ते पत्र लिहिलंस म्हणून रागावले, चाळीस वर्षं लिहिलं नाहीस म्हणून नाही. नसतं लिहिलंस तर कुणाला कळलं असतं, असं मनात आलं. मग लक्षात आलं की तूही तेव्हा अगदी हेच म्हणाली असशील.

दुसरा दिवस स्वतःला समजावण्यात गेला. बाई येऊन बघतील, त्यांना कळेलच, मी कशाला मध्ये पडू. जिन्यातून पाच वेळा परत वर गेले. शिंप्याने विचारलंसुद्धा नाही.

आज सकाळी सरांना सांगितलं. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे माझ्या आत्याचं आहे, तिने ते मला लिहिलंय, पण आहे संग्रहालयाबद्दल. सरांनी वाचलं. भिंग काढून ठेवलं. आधी म्हणाले, आता वर्तमानपत्राला काय तोंड दाखवू. मग म्हणाले, हे अठ्ठावीस तारखेनंतर सांगितलं असतंस तर नसतं चाललं का. मी नाही म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा एकदा नाही म्हणावं लागलं. शेवटी त्यांनी स्वतःच तज्ज्ञ बाईंसाठी फोनवर निरोप ठेवला, की शंख कुठला याबद्दल शंका आहे, येऊ नये. दुपारीच उत्तर आलं, की आता तर नक्की येते, शंखाला कुणी हात लावू नका.

तू आणि बाई, दोघी एकच सांगताय.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण जमलं तर तू अठ्ठावीसला येऊ नकोस. शंख बेटावरचा निघाला, तर मला तुझ्या चेहऱ्याकडे बघवणार नाही.

तुझी,
गोगलगाय

---

२४ नोव्हेंबर

चि. गोगलगायीस,

अनेक आशीर्वाद. तू सांगितलंस हे वाचून मी बाहेर बाकावर जाऊन बसले. तुझ्या बाबाने विचारलं, रडतेस की हसतेस. त्याला म्हटलं, मांजरीची पिल्लं मोज. मग त्यालाही सगळं सांगितलं. नंतर आत जाऊन त्याने चहा केला आणि एक कप मला आणून दिला, मग परत जाऊन स्वतःचा घेऊन आला. एकेक. मुद्दाम. कपांवरून थट्टा करणाऱ्या माझ्या भावाला एवढं कळलं, हे पुष्कळ झालं.

येत नाही. शंख कुठलाही निघो, तू तुझं काम चोख केलंस. मुळाक्षरं गिरवून घेतली त्याचं चीज झालं.

तुझी आत्या

---

२९ नोव्हेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आणि विशेष, विशेष, विशेष! अक्षर वाकडं येतंय, माफ कर. काल बोटं सुईवर इतका वेळ होती की अजून आखडलेली आहेत. आज मात्र क्रमाने लिहिणार आहे, एकही पायरी न गाळता.

बाई सकाळी आल्या. साठीच्या, ठेंगण्या. खांद्याला कापडी पिशवी, त्यात सूक्ष्मदर्शक आणि डबा. मी नमस्कार करायच्या आत त्यांनी विचारलं, शंख धुतलाय का. मी नाही म्हटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मग निम्मं काम झालं.

सगळ्यांत आधी त्यांनी विचारलं, भावाचे शंख कुठल्या अवस्थेत यायचे. ते मला ठाऊक होतं, आत्या! नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्याची टीप डकवलेली आहे. त्यात त्याने लिहिलंय, की सर्व शंख उकळून, आतून धुऊन, तेलाचा हात फिरवून पाठवत आहे, नाहीतर जहाजावर वास सुटतो. खालचे तीनही खण तपासले. एकाही शंखात मातीचा कण नाही. डॉक्टरांचे शंख मात्र माती भरलेलेच यायचे आणि इथे धुतले जायचे. ते धुण्याचं काम कुणाचं होतं, ते तुला सांगायला नको. तुझ्या हातून एकच धुवायचा राहिला.

मी इथेच उडी मारली असती, पण तू शिकवलेलं आड आलं. मीच विचारलं, की खण फरशीवर पडला होता, तेव्हा बेटावरच्या शंखात इथली माती गेली असेल तर? सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आपल्याच होडीला भोक पाडतेय. बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, प्रश्न योग्य आहे, उत्तर आतच असेल. फरशीवरची धूळ तोंडाशी राहील, दुसऱ्या वळशात घट्ट बसणार नाही.

मग थेंब थेंब पाणी टाकत, सुईने, कणाकणाने माती सोडवायला लागलो. पहिला तास बाईंनी केलं, पुढचे तीन तास मी. माझा हात कापत नाही हे मला काल कळलं. माती दुसऱ्या वळशापर्यंत दगडासारखी बसलेली होती. आणि तिथे, अगदी आत, खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी गोल. मला वाटलं वाळू. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर त्याला वळसे.

शंखाच्या पोटात शंख, आत्या!

बाईंनी ओळखायच्या आधी मी ओळखला. पहिल्या खणात असले पाच आहेत, चिमुकले, मधमाश्यांच्या गोल पोळ्यासारखे. मी त्यांची मापं घेतलीत, अकरा वेळा. पाचही खाणीच्या भिंतीवरचे. बाई म्हणाल्या, हा चिमुकला जीव या टेकडीखेरीज जगात दुसरीकडे सापडलेला नाही, शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत आहे. शेजारी ठेवून पाहिला. तोच. म्हणजे सत्तावीस नंबर आमच्या टेकडीच्याच मातीत वर्षानुवर्षं पडून होता. दुसरीकडे कुठे नाहीच.

मग बाईंनी बाकीचे अठराही एकेक करून चिठ्ठ्यांशी ताडून पाहिले. तुझे अठरा बरोबर होते. सगळेच्या सगळे. तू गुडघ्यांवर बसून आठवणीने लावलेले अठरा शंख बरोबर होते, म्हणून एकोणिसावा बरोबर होता.

सर उठले, दारापर्यंत गेले, परत आले, आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. मग सुतारकाकांशी केलं, ते नुसते बघायला आले होते तरी. बाई म्हणाल्या, नव्या जातीला तुझ्या आत्याचं नाव द्यावं का. मी म्हटलं, तिला विचारून सांगते.

आता टेकडीवर जायचंय. तेरा तारखेला. या वेळी तू यायचंस. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही, बसची वेळ मी बाबांना कळवली आहे. लोभ वाढवायचा असेल तर प्रत्यक्ष येऊन वाढव.

तुझी,
गोगलगाय

---

३ डिसेंबर

चि. गोगलगायीस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दोनदाच. तुझ्या बाबाने किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

माझं नाव त्या गोगलगायीला मुळीच देऊ नका. तिने माझ्यासाठी काहीही केलेलं नाही, उलट चाळीस वर्षं तोंडात माती धरून गप्प बसली. नाव टेकडीचं द्या. माझी चूक तेवढी नोंदवा. सत्तावीसच्या शेऱ्यात पुढचं लिहायचं: ‘या खणातील व चौथ्या खणातील बारीक शंख एकदा खाली पडून मिसळले होते. दोन खण एकदम उचलल्याने हे घडले. तेव्हा नोंद केली नाही, ती आता करीत आहे.’ खाली सही मी येऊन करीन. सर हे गाळायचं म्हणाले तर त्यांना सांग, सुताराच्या मुलाला कोपरा दिसतो, तर उद्या आणखी कुणाला दिसेल. ‘किरकोळ’वर मात्र एक रेघ मार. खोडू नकोस.

तेराला येते. गुडघा दुखतो, तेव्हा टेकडी चढण्याची अपेक्षा ठेवू नका.

तुझी आत्या

---

१६ डिसेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तू काल दुपारीच बसमध्ये बसलीस आणि आज मी पत्र लिहितेय, हे बाबांना वेडेपणाचं वाटेल. पण घडलेलं त्याच आठवड्यात लिहून ठेवावं, हा नियम तुझाच. शिवाय काही गोष्टी समोर बोलता येत नाहीत.

टेकडीवर आम्ही तिघांनी, मी, सर आणि बाईंनी, तीन तास पानं उलटली. उत्तरेची भिंत वरपासून चाचपली. सरांची पाटलोण फाटली, बाईंची पिशवी काट्यात अडकली, आणि हाती काय, तर दोन मुंगळे. तू खाली सपाट दगडावर बसून आमची गंमत बघत होतीस. मग तूच वर हाक मारलीस, की डॉक्टर तुमच्यासारखे चढले असतील असं तुम्हाला वाटतं का. ते चांगले गरगरीत होते आणि त्यांचेही गुडघे दुखत. ते या दगडावर बसून चहा प्यायचे आणि हात पोचेल तेवढंच वेचायचे. आम्ही खाली येईपर्यंत तू दगडामागच्या ओल्या फटीत हात घातलाही होतास. आणि बाहेर काढलास तेव्हा तुझ्या तळव्यावर ती होती. शिंगं बाहेर, डावीकडे वळलेली, जिवंत. बाईंनी तिथेच जमिनीवर बसकण मारली. तू तिला म्हणालीस, बाई गं, किती उशीर केलास. आणि मापं झाल्यावर आम्ही तिला त्याच फटीत परत सोडलं, ते मला सगळ्यांत आवडलं.

तुझ्या सहीखाली सरांनीही सही केली, हे तू पाहिलंस. तू गेल्यावर त्यांनी कपाटावरची ‘एका वेळी एकच खण’ ही नियमाची पाटी काढली आणि तुझ्या अक्षरात नवी लिहून मागवायची म्हणाले. तेव्हा पुढच्या पत्रासोबत पाठव.

आता जे समोर बोलता आलं नाही ते. परवा माझ्या खोलीवर सगळे चहाला आले होते. सर, बाई, सुतारकाका आणि खालचा शिंपी. तू उठून चहा ओतायला गेलीस. मी सवयीने मनात फेऱ्या मोजायला सुरुवात केली. सुतारकाका त्यांच्या वडिलांबद्दल काहीतरी सांगत होते, म्हणून बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. पण मी दाराकडे बघत होते.

तू दोन्ही हातांत दोन कप घेऊन आलीस.

दाराशी तू थांबलीस. टेबल चार पावलांवर होतं. उजव्या बशीत थोडा सांडला. तू तो पाहिलास, आणि तशीच चालत आलीस.

लोभ किती आहे ते मोजलेलं नाही. एकदाही नाही.

तुझी,
गोगलगाय